कोरडी भिंत

"कोरडी भिंत शोधा. तिच्यात नांगर घाला. आरसा जड असल्यास द्रव नखे वापरा."

घरात मोठा आरसा कसा लावायचा, असं फोनला मराठीत विचारलं की जे सल्ले समोर येतात, त्यांतल्या एकाची ही भाषा. मूळ मजकूर इंग्रजीत होता आणि यंत्राने तो मराठीत ओतला, हे उघड आहे. ड्रायवॉलची झाली कोरडी भिंत. भिंतीत स्क्रू धरून ठेवणाऱ्या अँकरचा झाला नांगर. बांधकामाच्या गोंदाला तिकडे लिक्विड नेल्स म्हणतात, त्याची झाली नखे. किर्लोस्करांच्या नांगराचा कारखाना ज्या जिल्ह्यात उभा राहिला, त्या सांगलीत बसून 'भिंतीत नांगर घाला' वाचलं की कुणालाही हसू येईल. मलाही आलं.

पण यातली 'नखे' आणि 'नांगर' हे शब्द तितकेसे धोकादायक नाहीत. ते वाचून काहीच कळत नाही, त्यामुळे माणूस निदान थांबतो. धोकादायक आहे 'कोरडी भिंत'. कारण ते अगदी सरळ, शुद्ध मराठी आहे. त्याचा अर्थ लागतो, आणि चुकीचा लागतो.

अमेरिकेतलं साधं घर लाकडी सांगाड्यावर उभं असतं. साधारण सोळा सोळा इंचांवर उभे लाकडी वासे, त्यांना स्टड म्हणतात, आणि त्यांच्यावर ठोकलेले अर्ध्या इंचाचे जिप्समचे पत्रे. पाणी न कालवता उभी राहते म्हणून ती ड्रायवॉल. या भिंतीत नुसत्या पत्र्याला वजन पेलत नाही, वाशाला पेलतं. म्हणून तिकडच्या प्रत्येक सल्ल्याची सुरुवात 'आधी स्टड शोधा' इथून होते. ते शोधायचं छोटं यंत्र मिळतं, ते भिंतीवरून फिरवायचं. तिकडे हा सल्ला बरोबर आहे. तो लिहिणाऱ्याने भिंत कशाची आहे हे सांगितलं नाही, कारण त्याच्या वाचकांच्या भिंती बहुतेक तशाच असतात. सांगायची गरजच नव्हती. मग तो सल्ला भाषांतरित झाला, समुद्र ओलांडून आला, आणि ती न सांगितलेली गोष्ट तिकडेच राहिली.

माझी आत्या सांगलीत गावभागात राहते. घराच्या पुढच्या खोलीत तिचं पार्लर आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेची पातळी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. त्या खोलीत छातीपर्यंत पाणी होतं. २०२१च्या जुलैत नदी पुन्हा ५० फुटांच्या वर गेली, पुन्हा पाणी आत आलं. दोन पुरांनंतर तिने कर्ज काढून खोली नवी केली. सुटलेला रंग खरवडला, पुट्टी भरली, वर फिक्या गुलाबी रंगाचे दोन हात. आणि ठरवलं की या वेळी सहा बाय चारचा एकसंध आरसा लावायचा, मोठ्या पार्लरमध्ये असतो तसा.

काचवाला आरसा घरात ठेवून गेला, लावायला परवा येतो म्हणाला आणि आठवडाभर आला नाही. तिने फोनवर वाचलं. 'कोरडी भिंत' वाचून तिने भिंतीला हात लावून पाहिला. एप्रिल महिना होता. सांगलीत एप्रिलमध्ये कुठली भिंत ओली असते? भिंत खडखडीत कोरडी. द्रव नखांवर ती मनापासून हसली, कारण नखांचं काम ती रोजच करते. दुकानदाराने त्याचा अर्थ लावून सिलिकॉनच्या चार नळ्या दिल्या. दोन शेजाऱ्यांच्या मदतीने तिने आरसा चिकटवला. सल्ल्यात लिहिलं होतं तसा २४ तास टेकू देऊन ठेवला. पाळायची म्हणून जी जी गोष्ट लिहिली होती, ती तिने पाळली.

जुलैत, दुपारी पार्लर बंद असताना, आरसा खाली आला. खोलीत कुणी नव्हतं. समोरच्या खुर्चीच्या रेक्झिनमध्ये काचेचे तुकडे उभे रुतले होते. त्या खुर्चीवर सकाळी एक नवरी बसून गेली होती.

मी दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून गेलो, तेव्हा आत्या तुकडे गोणीत भरत होती. आरशाचे पैसे गेले, लग्नसराईतल्या चार ऑर्डरी गेल्या, आणि हे सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "माझंच काहीतरी वाचायला चुकलं असणार. मी आपली बारावी."

या वाक्याने मला जेवढा राग आला, तेवढा फुटलेल्या काचेने आला नव्हता. वाईट लिहिलेला सल्ला स्वतः कधीच दोषी ठरत नाही. त्याला चेहरा नसतो, फोन नंबर नसतो. उरतो तो वाचणारा, आणि तो सगळा दोष मुकाट्याने स्वतःच्या शिक्षणावर घेतो.

आत्याचं वाचायला काहीही चुकलं नव्हतं. पुरावा जमिनीवर पडला होता. मोठ्या तुकड्यांच्या पाठीवर सिलिकॉनचे गोळे घट्ट बसलेले होते, आणि त्या गोळ्यांना चिकटून गुलाबी रंग, पांढरी पुट्टी आणि कुठे कुठे गिलाव्याचा भुगासुद्धा आला होता. म्हणजे गोंदाने आपलं काम चोख केलं होतं. गोंद रंगाला चिकटला, रंग पुट्टीला, पुट्टी गिलाव्याला आणि गिलावा विटेला. या साखळीत सगळ्यात कमजोर कडी जेवढं पेलेल, तेवढंच पूर्ण साखळी पेलते. दोन पुरांचं पाणी प्यायलेल्या गिलाव्यात क्षार उतरलेले असतात. उन्हाळ्यात ते गप्प बसतात, पावसाळ्यात ओल चढली की फुगतात आणि गिलाव्याचा वरचा थर पिठासारखा सुटतो. याला आपण भिंतीला लोणा लागला म्हणतो. भिंत एप्रिलमध्ये कोरडी आहे का, हा प्रश्नच नव्हता. ती जुलैत काय करते, हा प्रश्न होता.

आणखी एक गोष्ट त्या तुकड्यांवर दिसत होती. जिथे जिथे सिलिकॉन लागलं होतं, तिथे आरशाच्या चांदीवर काळे डाग धरायला लागले होते. दुकानात मिळणारं स्वस्त सिलिकॉन वाळताना व्हिनेगरसारखा वास सोडतं, कारण त्यातून ॲसेटिक आम्ल बाहेर पडतं. ते आरशाची पाठ खातं. आरशासाठी न्यूट्रल प्रकारचं सिलिकॉन मागावं लागतं. हा एक शब्द सल्ल्यात असता तर निदान डाग पडले नसते.

आता वजनाचा हिशोब. तो सल्ल्यात कुठेच नव्हता, 'आरसा जड असल्यास' एवढंच होतं. काचेचं वजन काढणं सोपं आहे: एक चौरस मीटर काच, एक मिलिमीटर जाडी, अडीच किलो. पाच मिलिमीटरचा आरसा म्हणजे चौरस मीटरला साडेबारा किलो, चौरस फुटाला साधारण १.१६ किलो. सहा बाय चार म्हणजे २४ चौरस फूट, म्हणजे जवळपास २८ किलो. मागे १२ मिलिमीटरचं प्लायवूड लावलं तर आणखी पंधरा-सोळा किलो. एकूण ४४ च्या आसपास. सिमेंटचं पोतं ५० किलोचं असतं. भिंतीवर सिमेंटचं पोतं टांगायचंय, असं सांगितलं असतं तर आत्याने गोंद आणला असता का?

कित्येक सल्ल्यांत गोंदाऐवजी आरशाला मागून तार बांधून ती एका हुकावर अडकवायला सांगितलेलं असतं. चित्रही असतं: तार अगदी आडवी, घट्ट ताणलेली, नीटनेटकी. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला मेकॅनिक्समध्ये जे शिकवतात ते इथे लागू होतं. तार आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर ४४ किलोच्या आरशासाठी तारेच्या प्रत्येक बाजूवर ४४ किलोचा ताण येतो, निम्मा नाही. कोन १५ अंश केला तर तो ८५ किलोपर्यंत जातो. तार जितकी आडवी, तितकी ती चौकटीचे सांधे आतल्या बाजूला ओढते. म्हणजे चित्रात जे सुबक दिसतं, तेच सगळ्यात जास्त ताणाचं असतं. तार ढिली, उंच त्रिकोणासारखी हवी, आणि हूक एकाऐवजी दोन हवेत.

पण हे सगळं नंतरचं. पहिला प्रश्न भिंतीचाच आहे, आणि सातारा ते सांगली या सव्वाशे किलोमीटरच्या पट्ट्यातसुद्धा भिंत एका प्रकारची नाही.

साताऱ्यातल्या जुन्या पेठांतल्या घरांच्या भिंती दगड-मातीच्या, दीड-दोन फूट रुंद. त्यात ड्रिल घातलं की कधी काळ्या दगडावर नाचतं, कधी मातीत कोपरापर्यंत घुसतं. अशा घरात बांधणाऱ्याने टांगायची सोय भिंत रचतानाच करून ठेवलेली असते. कोनाडा, फडताळ, आणि खुंटी. खुंटी नंतर ठोकलेली नसते, भिंतीच्या पोटात खोल दाबून तिच्याभोवती भिंत उभी केलेली असते. 'खुंटा हलवून बळकट करणे' हा आपला वाक्प्रचार खरं तर टांगण्याचीही सगळ्यात जुनी आणि चांगली सूचना आहे: वजन घालण्याआधी हलवून बघ, हलला तर पुन्हा ठोक.

त्यानंतरची घरं विटांची. बाहेरची भिंत नऊ इंची, खोल्यांमधली साडेचार इंची. गिलावा १२ ते १५ मिलिमीटर. बाजारातली छोटी गिट्टी २५-३० मिलिमीटर लांब असते, म्हणजे तिचा निम्मा भाग गिलाव्यातच राहतो आणि गिलावा वजन पेलायला केलेला नसतो. विटेच्या आत निदान ४० मिलिमीटर पकड मिळेल एवढी लांब गिट्टी आणि स्क्रू हवा, आणि भोक विटेच्या मध्यात हवं, दोन विटांच्या दर्जेत नको. साडेचार इंची भिंतीपलीकडे बाथरूम असेल तर नळाची पाइपलाइन कुठून गेलीय ते आधी बघायचं. विजेच्या बोर्डाच्या बरोबर वर कधीच भोक पाडायचं नाही, कारण वायरचा पाइप बोर्डापासून सरळ स्लॅबकडे गेलेला असतो.

नव्या इमारतींत वीट गेली आणि फिक्या राखाडी, हलक्या ठोकळ्यांची भिंत आली. आपल्याकडे तिला सरसकट सिपोरेक्स म्हणतात. मूळ तंत्र स्वीडनचं, महाराष्ट्रात ते आणलं वाई तालुक्यातल्या पसरणीच्या बी. जी. शिर्के यांनी. या ठोकळ्यात ॲल्युमिनियमच्या भुकटीने वायू तयार करून असंख्य बुडबुडे सोडलेले असतात, म्हणून तो विटेच्या जेमतेम एक तृतीयांश वजनाचा असतो. ड्रिलचा हातोडा चालू ठेवून यात भोक पाडलं तर ते आतून चुरतं आणि गिट्टी नुसती गरगर फिरते. हातोडा बंद ठेवून, नुसतं फिरवत भोक पाडायचं आणि या ठोकळ्यांसाठीची वेगळी, लांब गिट्टी वापरायची.

आणि या सगळ्या भिंतींच्या खाली कोयना आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, सव्वाचार वाजून गेल्यावर, कोयनानगरला जो भूकंप झाला त्याने पाटण तालुक्यातली गावं झोपेत असताना पाडली. त्या भागात आजही अधूनमधून हलके धक्के बसतात. माझी आजी पाटणकडची. तिच्या खोलीत उशाच्या भिंतीवर कधी काही टांगलेलं मी पाहिलं नाही, देवाचा फोटोसुद्धा नाही. "उशाला काय टांगायचं न्हाई," एवढंच ती म्हणायची. कारण विचारलं की गप्प बसायची. पलंगाच्या डोक्याशी मोठा आरसा लावल्याने खोली प्रशस्त दिसते, हे सांगणारे सल्ले मी डझनभर वाचलेत. तिचं ते वाक्य माझ्या दृष्टीने त्या सगळ्यांपेक्षा वजनदार आहे, कारण त्याला ठिकाण आहे.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या धंद्यात एखादी सूचना लिहिली की वर लिहावं लागतं: ही अमुक आवृत्तीसाठी, अमुक यंत्रणेवर तपासलेली. ते लिहिलं नाही तर दुसऱ्याच्या मशीनवर ती चालेलच असं नाही, आणि बरेचदा चालत नाही. भिंतीच्या सल्ल्याला हीच ओळ नसते. तिच्या जागी विशेषणं असतात. 'मजबूत' स्क्रू, 'योग्य' अंतर, 'पुरेशी' खोली. किती मजबूत, किती खोल, हे विचारायला गेलं की शेवटचं वाक्य हात वर करतं: 'आवश्यकता भासल्यास तज्ज्ञांची मदत घ्या'. आवश्यकता कधी भासते, हे कळण्यासाठीच तर वाचणारा आलेला असतो.

वस्तू प्रवास करतात, समजुती मागे राहतात. गिट्टीचंच बघा. दुकानात आपण तिला रावल प्लगही म्हणतो. ते नाव आहे जॉन जोसेफ रॉलिंग्ज या लंडनच्या माणसाचं. १९११ च्या सुमारास त्याला ब्रिटिश म्युझियममध्ये भिंतींची नासधूस न करता विजेची साधनं बसवायची होती. तोपर्यंत भिंतीत मोठं भोक पाडून लाकडाचा ठोकळा ठोकत, आपल्याकडेही तेच करत. त्याने तागाच्या दोऱ्यांची नळी केली, स्क्रू आत गेला की ती फुगून भिंतीला धरायची. १९५८ मध्ये जर्मनीत आर्तुर फिशरने तीच कल्पना नायलॉनमध्ये आणली. आज ती गिट्टी सांगलीच्या कुठल्याही हार्डवेअर दुकानात सुट्टी मिळते. ती कुठल्या भिंतीत, किती खोल, किती वजनाला, हे मात्र सोबत येत नाही. आलं तर पाकिटावर, बारीक इंग्रजीत, आणि सुट्ट्या गिट्टीला पाकीट नसतं.

मराठीत असं लिहिणं जमत नाही, असं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर आणला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल अशी भीती शेतकऱ्यांत होती. नांगर विकायचा तर आधी समजावणं भाग होतं. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० मध्ये तिथूनच शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. कारखान्याची, मालाची गोष्ट गिऱ्हाइकाला त्याच्या भाषेत सांगणं हे तिच्या जन्माचं एक कारण होतं. शंभर वर्षांनी त्याच जिल्ह्यात एका बाईला तिच्या भाषेत भिंतीत नांगर घालायला सांगितलं जातंय.

ज्ञान नाहीय असंही नाही. ते आहे, मराठीत आहे, फक्त लिहिलेलं नाही. आत्याच्या गल्लीतच एक मिस्त्री राहतात. वय साठीच्या पुढे, गवंडीकाम करत आलेले. त्यांना बोलावलं तर त्यांनी आधी भिंतीशी काही केलंच नाही, आत्याला विचारलं, "ताई, पाणी कुठवर आलतं?" तिने छातीशी हात धरला. त्यांनी खडूने भिंतीवर तेवढ्या उंचीवर रेघ मारली. मग बोटाच्या पेरांनी रेघेच्या खाली आणि वर भिंत वाजवत गेले. वर आवाज घट्ट, आखूड. खाली अनेक ठिकाणी पोकळ. "खालचा गिलावा मेलाय. ह्याच्या जिवावर काय टांगू नका."

"मग आरसा लावायचाच नाही का, काका?" मी विचारलं.

"लावायचा की. पण वजन भिंतीवर टाकायचंच कशाला? जमिनीवर टाका."

त्यांनी कडप्प्याच्या उभ्या फरशांवर अडीच फुटांचा ओटा केला, पार्लरच्या सामानाला तो हवाच होता. एक सहा फुटी आरसा नको, तीन-तीन फुटांचे दोन घ्या म्हणाले, एक फुटला तर दुसरा राहतो. दोन्ही आरसे प्लायवर बसवून ओट्यावरच्या लाकडी पट्टीवर उभे केले. भिंत आणि प्लायच्या मध्ये छोटे गुटके ठेवून बोटभर फट सोडली, ओल आली तर हवा खेळावी म्हणून. खडूच्या रेघेच्या बऱ्याच वर, साडेसहा फुटांवर, चांगल्या विटेत लांब गिट्ट्या आणि न गंजणाऱ्या स्टीलचे स्क्रू. त्यांच्यावर वजन नाही, आरसा पुढे झुकू नये एवढंच त्यांचं काम. शेवटी पाणसळ धरली, आणि मग दोन्ही हातांनी आरसा जोरात हलवून बघितला. आत्या डोळे मिटून उभी होती.

ते काम करत होते तेव्हा मी विचारत गेलो आणि फोनवर टिपत गेलो. दर्जेत भोक का नको, गिलावा मेला हे कसं ओळखायचं, पुट्टीवर चिकटवलेलं का टिकत नाही. रात्री ते नीट लिहून काढलं. सगळ्यात वर लिहिलं: 'सांगली, गावभाग. विटेची नऊ इंची भिंत. दोनदा पूर. आरसे दोन, प्रत्येकी तीन बाय चार, पाच मिलिमीटर, प्लायसकट साधारण २२ किलो. दुसऱ्या भिंतीला हे तसंच्या तसं लागू नाही.' आत्याला वाचून दाखवलं. दोन ठिकाणी तिने थांबवलं, ते शब्द बदलले. मग घरच्या ग्रुपवर टाकलं.

अर्ध्या तासात पुण्याच्या चुलतभावाचा मेसेज आला. हिंजवडीत त्याने नवा फ्लॅट घेतलाय, बेडरूममध्ये आरसा लावायचाय, हे चालेल का. मी फोन घेऊन मिस्त्रींच्या घरी गेलो. ते जेवत होते.

"त्यांना म्हणावं भिंत वाजवून आवाज पाठवा," ते म्हणाले.

भावाने भिंतीवर बोटं वाजवून व्हॉइस नोट पाठवली. मिस्त्रींनी फोन कानाला लावून ती दोनदा ऐकली, घास गिळला.

"सिपोरेक्स हाय. हातोडा बंद ठिवून मशीन मारा म्हणावं. आन् पलंग कुठल्या बाजूला हाय, ते विचारा."